‘मिस्टर काय करतात?’ या प्रश्नाविषयी : एका घरमालक वाचकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

भाड्याचे घर शोधताना एकट्या आईला येणाऱ्या अडचणींवर मी लिहिलेल्या लेखाला आपण दिलेली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तिला दोन ओळींत उत्तर देणे योग्य झाले नसते, म्हणून चार दिवस घेतले. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा आशय आधी सांगते. आपण निवृत्त शासकीय कर्मचारी आहात आणि प्रतिभानगरातल्या आपल्या घराचा वरचा मजला भाड्याने देता. मी घरमालकांना सरसकट संकुचित ठरवले, अशी आपली पहिली तक्रार आहे. आयुष्यभराच्या पुंजीतून बांधलेले घर कोणाला द्यायचे हे मालकानेच ठरवायचे असते, पूर्वीच्या एका भाडेकरूने मुदत संपल्यावरही चौदा महिने जागा सोडली नाही, आणि एकट्या बाईला घर दिले तर उद्या तिचा नवरा दारात येऊन तमाशा करील व गल्लीला तोंड मालकालाच द्यावे लागेल, असे आपण पुढे लिहिले आहे. माहेर किंवा वसतिगृह असे पर्याय असताना एवढा आक्रोश कशासाठी, असेही आपण विचारता. आणि शेवटी, अशा लेखनाने राजर्षी शाहूंच्या नगरीची बदनामी होते, असे आपले म्हणणे आहे.

पहिली तक्रार मला मान्य आहे. ‘कोल्हापुरातले घरमालक’ हे शब्द मी वापरायला नको होते. मार्चपासून मी सतरा ठिकाणी फोन केले आणि अकरा घरे प्रत्यक्ष पाहिली. त्यांपैकी, शेवटी सांगितलेले एक घर सोडून, दोन मालकांनी मला एकही खासगी प्रश्न विचारला नाही. त्यांचे भाडे मला परवडणारे नव्हते, एवढेच. माझ्या त्या वाक्याने त्या दोघांवर अन्याय झाला, आणि आपल्यावरही झाला असेल तर मी मनापासून दिलगीर आहे.

घर कोणाला द्यायचे हे ठरवण्याच्या आपल्या अधिकारालाही मी आव्हान देत नाही. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदातील भेदभावाची मनाई मुख्यतः शासनावर बंधनकारक आहे. स्वतःच्या घराचा वरचा मजला देणाऱ्या खासगी मालकाला ‘हिला घर द्याच’ असे सांगणारा कायदा माझ्या हातात नाही, आणि मी तसा दावा लेखातही केला नव्हता. माझा प्रश्न त्या अधिकाराच्या आधी येतो. मालकाला नेमकी कशाची भीती वाटते, आणि ती घालवण्यासाठी तो माझ्याकडे जे मागतो त्याने ती खरोखर जाते का?

त्यासाठी आपल्या चौदा महिन्यांकडे वळते, कारण आपल्या प्रतिक्रियेतला सर्वांत कळकळीचा भाग तोच आहे. आपण लिहिता की तो भाडेकरू ‘चांगली फॅमिली’ होती : नवरा, बायको, दोन मुले, नवऱ्याची पक्की नोकरी. स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर अकरा महिन्यांचा करार झाला, मुदत संपली, आणि मग आज-उद्या करत वर्ष उलटले. या मनस्तापाबद्दल मला सहानुभूती आहे. पण ज्या गोष्टीवर विश्वास ठेवून आपण फसलात, तीच गोष्ट माझ्याजवळ नाही म्हणून मला नकार मिळतो, हे आपणच एकदा पडताळून पाहावे अशी माझी विनंती आहे. त्या घरात पुरुष होता, आणि मुदत संपल्यावर ठाण मांडून बसलाही तोच.

आपले नुकसान त्या नोटरीच्या कागदाने केले. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असा समज आपल्याकडे घरोघरी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे शुल्क घेऊन ठरावीक मुदतीपुरती जागा वापरू देण्याचा करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत वाद झाल्यावर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. शिवाय नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. याउलट करार नोंदवलेला असेल तर कलम २४ मालकाच्या पाठीशी उभे राहते : मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि ताबा मिळेपर्यंतच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट रक्कम नुकसानभरपाई म्हणून द्यावी लागते. खर्चाचे म्हणाल तर दरमहा ९,००० रुपये भाडे आणि ३०,००० रुपये डिपॉझिट अशा अकरा महिन्यांच्या करारावर पाव टक्का दराने मुद्रांक शुल्क सुमारे ३०० रुपये होते, आणि नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५०० रुपये आहे. नोंदणी आता ऑनलाइन होते, आधार आणि अंगठ्याच्या ठशावर. हा खर्च निम्मा किंवा पूर्ण करण्याची तयारी मी प्रत्येक ठिकाणी आपणहून दाखवली. अकरांपैकी तीन मालकांनी नोंदणी नकोच म्हणून सांगितले, आणि त्याच तिघांनी आधी मला विचारले होते, ‘ताई, मिस्टर काय करतात?’

भाडेकरूला तपासण्याचा मालकाचा हक्क मी पूर्णपणे मानते. पगाराची स्लिप बघा, कंपनीचे पत्र मागा, आधीच्या घरमालकांना फोन करा, पोलीस ठाण्यात माझी माहिती द्या. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या हिशेब विभागात मी सहा वर्षे नोकरी करते, आणि सध्याच्या घराचे भाडे चार वर्षांत एकदाही पाच तारखेच्या पुढे गेलेले नाही. हे घर सोडावे लागते आहे ते मालकांच्या मुलाचे लग्न ठरले म्हणून. त्यांनी स्वतःहून माझ्यासाठी दोन ठिकाणी शब्द टाकला. हे सगळे कागद एका फाइलमध्ये घालून मी घरे बघायला जाते, पण ती फाइल उघडण्याची वेळ फार थोड्या ठिकाणी आली. कळंब्याकडच्या एका घरी तर मालकांनी फाइल बाजूला सारून घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची झेरॉक्स मागितली. आमचा घटस्फोट परस्परसंमतीने झाला आहे, त्यात लपवण्यासारखे काही नाही. तरीही तो कागद भाड्यासाठी एका अनोळखी माणसाच्या हातात ठेवण्याची कल्पना मला सहन झाली नाही आणि मी उठून आले. माझा मुलगा सोबत होता. जिना उतरताना त्याने विचारले की आपले काय चुकले. त्या वेळी मला उत्तर सुचले नाही.

नवऱ्याच्या तमाशाबद्दल. माझ्या मुलाचे वडील पुण्यात असतात, महिन्यातून एका रविवारी येतात, रंकाळ्यावर मुलाला भेटतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. चार वर्षांत ते माझ्या दारात आलेले नाहीत. सगळ्यांच्या बाबतीत असे नसते हे मला ठाऊक आहे. ज्या स्त्रीला खरोखर त्रास आहे तिच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा आहे. त्याखाली न्यायदंडाधिकारी संरक्षण आदेश देऊ शकतात, तो मोडणे हा गुन्हा आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम १९ नुसार नवऱ्याला तिच्या पर्यायी निवासाची सोय करायला किंवा भाडे भरायला सांगता येते. पण न्यायालय भाडे भरायला लावू शकते, घर द्यायला मात्र कोणालाच लावू शकत नाही. तो आदेश हातात घेऊन ती स्त्री ज्या दारात येते ते आपल्यासारख्या कुणाचे तरी असते. तिच्या नवऱ्याची शिक्षा तिला द्यायची का, एवढा एकच प्रश्न तेव्हा त्या दाराच्या आत असणाऱ्या माणसापुढे उरतो.

‘फक्त फॅमिलीसाठी’ ही पाटी राजारामपुरीपासून सानेगुरुजी वसाहतीपर्यंत सगळीकडे दिसते, आणि या शब्दाने मला या तीन महिन्यांत जितका त्रास दिला तितका दुसऱ्या कशानेच दिला नाही. आई आणि नऊ वर्षांचा मुलगा एका ताटात जेवतात, एका छताखाली झोपतात, एकमेकांच्या तापात जागतात. मग ते कुटुंब कसे नाही? शासनाच्या दृष्टीने तर आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात शिधापत्रिकेसाठी घरातली अठरा वर्षांवरील सर्वांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख धरली जाते; लग्न मोडले नसते तरी कार्डावर प्रमुख मीच असते. आणि ही अडचण बायकांचीच आहे असेही नाही. आमच्या कारखान्यात भट्टीवर काम करणारे एक सहकारी पत्नीच्या निधनानंतर दोन मुलींना घेऊन घर शोधत होते. त्यांना उचगावात आणि मोरेवाडीत एकच उत्तर मिळाले : ‘घरात बाईमाणूस नाही, मग कसं जमायचं?’ माझ्या घरात पुरुष नाही म्हणून नकार आणि त्यांच्या घरात बाई नाही म्हणून नकार. त्यांनी अखेर मुलींना आजीकडे राधानगरीला ठेवले आणि स्वतः कॉट बेसिसवर राहिले. ज्या मुलींची आई गेली होती त्यांचे वडीलही घर मिळाले नाही म्हणून दुरावले, आणि हे मी रोज डब्याच्या वेळी त्यांच्या समोर बसून पाहते.

माहेराविषयी थोडक्यात सांगते. माझे माहेर गारगोटीच्या पुढे आहे, तिथून कोल्हापूर पन्नास किलोमीटरच्या वर. एसटीने कोल्हापूर, तिथून केएमटीच्या शहर बसने शिरोली, असे करून सकाळी नऊला टेबलावर बसायचे तर मुलाला झोपेत सोडून निघावे लागेल आणि तो झोपल्यावर परत यावे लागेल. भावाच्या दोन खोल्यांत त्याचे चौघे राहतात, हे वेगळेच. वसतिगृहाचा पर्याय मी तपासला होता. केंद्राच्या ‘सखी निवास’ योजनेत नोकरदार आईसोबत मुलीला अठरा वर्षांपर्यंत आणि मुलाला बारा वर्षांपर्यंत राहता येते, ही तरतूद चांगली आहे आणि गरजू भगिनींनी तिची चौकशी जरूर करावी. मी ज्या दोन खासगी वसतिगृहांत गेले तिथे मात्र मुलगा म्हटल्यावर बोलणेच थांबले. आणि जागा मिळाली असती तरी तीन वर्षांनी पुन्हा हाच शोध सुरू झाला असता, त्या वेळी एका वाढत्या मुलासह.

आता शाहू महाराजांचे नाव. आपल्या इतकाच मलाही त्या नावाचा अभिमान आहे, आणि म्हणूनच त्या नावाखाली ही अडचण झाकली जाऊ नये असे मला वाटते. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात, ते कशामुळे? खेड्यापाड्यांतून शिकायला आलेल्या मुलांना या शहरात राहायला जागा मिळत नव्हती, अस्पृश्य मानलेल्या मुलांना तर मुळीच नाही, म्हणून. महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात केली, मग एकेका समाजासाठी बोर्डिंगे उभी राहत गेली, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग झाले. ‘माझ्या राजधानीत कोणाला जागा नाकारली जाते असे म्हणणे म्हणजे राजधानीची बदनामी’ अशी भूमिका त्यांनी घेतली असती तर यातले एकही बोर्डिंग उभे राहिले नसते. जागेवाचून शिक्षण अडते, हे त्यांनी उघड मान्य केले. आज जागेवाचून माझ्या मुलाची शाळा अडेल की काय, याची काळजी मला आहे, आणि ती मी लिहून दाखवली.

एक गोष्ट मूळ लेखात राहून गेली होती, ती इथे नोंदवते. अकरांपैकी एका घरी मला कोणीच काही विचारले नाही, भाडेही दोन हजारांनी कमी होते, चावी लगेच द्यायला मालक तयार होते. ते घर जयंती नाल्याच्या बाजूला, तळमजल्यावर होते. मागच्या खोलीच्या भिंतीवर माझ्या खांद्याच्या वर एक मातकट रेघ होती. ती २०२१ च्या जुलैमधल्या पुराची, असे शेजारच्या मावशींनी सांगितले. पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी गाठते, हे आकडे पावसाळ्यात कोल्हापुरातली लहान मुलेही सांगतात. त्या घरात राहायला गेले तर प्रत्येक जुलैमध्ये रात्री उठून ते आकडे बघत बसावे लागेल, आणि मध्यरात्री सामान वर चढवायला माझ्या सोबत नऊ वर्षांचे एक मूल असेल. ज्यांच्याकडे निवडीला वाव असतो ते ती जागा घेत नाहीत, म्हणून ती आमच्यासारख्यांच्या वाट्याला येते. इतर दारे बंद होतात तेव्हा माणूस कुठे जातो हे मी त्या भिंतीसमोर उभी राहून पाहिले, आणि मूळ लेख त्याच रात्री लिहिला. त्यातला जो स्वर आपल्याला कठोर वाटला, तो तिथून आला आहे.

आपल्या सूचनेनुसार मूळ लेखातले ‘कोल्हापुरातले घरमालक’ हे शब्द काढून ‘मी भेटलेल्या अकरांपैकी नऊ घरमालक’ असे केले आहे. या नऊंत पुराच्या घराचे मालकही धरले गेले, पण त्यांनी मला नाकारले नव्हते. तेव्हा हा आकडा खरे तर आठ होतो, आणि तशी दुरुस्ती आज रात्री करते. आपली प्रतिक्रिया जशीच्या तशी ठेवली आहे. नोंदणीबाबत आपल्याला आणखी काही विचारायचे असेल तर अवश्य लिहा, मी केलेल्या कराराचा मसुदा नावे वगळून पाठवू शकेन. माझा सध्याचा करार ३१ मे रोजी संपतो, आणि येत्या रविवारी शाहूपुरीत दोन घरे बघायला जायचे ठरले आहे.