बीट लाल आहे, म्हणून ते रक्त होत नाही

आमच्या इंदूरच्या मराठी बायकांच्या ग्रुपवर एक निरोप गेले दोन महिने फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: 'गरोदरपणी लोहाच्या गोळ्या घेऊ नका. त्या रासायनिक आहेत, त्यांनी बाळ काळं होतं. रोज बिटाचा रस, पालक, गूळ-खजूर घ्या, एकवीस दिवसांत रक्त भरून येईल. बी-१२ सुद्धा पालेभाजीतूनच मिळतं.' माझ्या मामेबहिणीच्या सुनेने तो वाचून सहाव्या महिन्यात गोळ्या सोडल्या. पुढच्या तपासणीत हिमोग्लोबिन १०.४ वरून ८.३ वर आलेलं. गरोदरपणी ते ११ च्या खाली गेलं की ॲनिमिया समजतात.

मी आहारशास्त्र शिकवते. चोइथराम मंडीतून मेथी, राजगिरा, पालक पिशव्या भरून आणणारी बाई आहे मी, त्यामुळे भाजीशी माझं भांडण नाही. भाजीच्या नावावर जे खपवलं जातंय त्याच्याशी आहे.

'बीट रक्त वाढवतं.' बिटाचा लाल रंग बेटालेन नावाच्या रंगद्रव्याचा. रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, ज्यात लोह असतं. दोन्ही लाल आहेत, एवढंच त्यांचं नातं. १०० ग्रॅम बिटात लोह १ मिलीग्रॅमपेक्षाही कमी. बीट जरूर खा, त्यात फोलेट नावाचं जीवनसत्त्व आहे, चोथा आहे. पण रस गाळून प्यायलात तर चोथाही गेला.

'पालक, गूळ, खजूर पुरेसे आहेत.' इथे जरा हिशेब करू या, कारण सगळा घोटाळा इथेच आहे. १०० ग्रॅम पालकात लोह ३ मिलीग्रॅमच्या आसपास. ताटात आहे म्हणजे अंगी लागलं असं मात्र नाही. वनस्पतीतलं लोह आतड्यात फार कमी शोषलं जातं, आणि आपल्या पोळी-भात-वरणाच्या जेवणात तर साधारण ५ ते ८ टक्केच, कारण धान्य-डाळींतलं फायटेट नावाचं द्रव्य त्याला धरून ठेवतं. ५ टक्के धरले तर पालकाच्या ३ मिलीग्रॅममधून रक्तापर्यंत पोचतं ०.१५. पूर्ण गरोदरपणात बाईला शोषून घ्यावं लागणारं लोह जवळजवळ १००० मिलीग्रॅम. शेवटच्या महिन्यांत दिवसाला ६ च्या आसपास. म्हणजे रोज ४ किलो पालक! गुळाचा खडा आणि चार खजूर या हिशेबात फारशी भर घालत नाहीत.

मग आईने, आजीने केलेलं सगळं वाया का? मुळीच नाही. आपल्या स्वयंपाकात लोह अंगी लावण्याच्या खुबी आहेतच. इंदूरच्या पोह्यांवर आपण लिंबू पिळतो ना, त्यातलं क जीवनसत्त्व वनस्पतीतल्या लोहाचं शोषण चांगलं वाढवतं. मटकी भिजवून मोड आणले की फायटेट कमी होतं. लोखंडी कढईत आमसूल किंवा टोमॅटो घालून केलेल्या आमटीत कढईचं लोह उतरतं. अळिवाचे लाडू बाळंतिणीला देतात तेही उगाच नव्हे. पण त्याच पोह्यांसोबत कट चहा घेतला की चहातले टॅनिन लोह अडवतात. लिंबाने दिलेलं चहा काढून घेतो. चहा तास-दीड तासाने घ्या, इतकं केलं तरी फरक पडतो. निरोप लिहिणाऱ्याने हे सांगितलं असतं तर मी स्वतः तो पुढे पाठवला असता.

'गोळ्यांनी बाळ काळं होतं.' बाळाचा वर्ण आई-वडिलांकडून आलेल्या जनुकांवर ठरतो. काळी होते ती शी, न शोषल्या गेलेल्या लोहामुळे, आणि बहुधा त्यातूनच ही भीती जन्मली असावी. (आणि बाळ सावळं झालं तर काय बिघडलं, हेही एकदा आपण एकमेकींना विचारायला हवं.) मळमळ, बद्धकोष्ठ हे त्रास मात्र खरे आहेत. ते होतात म्हणून गोळी सोडू नका, डॉक्टरांना सांगा. वेळ बदलता येते, गोळीचा प्रकार बदलता येतो. दूध, चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर ती घेऊ नये. सरकारी कार्यक्रमात गरोदर बाईला १८० दिवस, रोज ६० मिलीग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड देतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला. अशा देशात ही गोळी उगाच ठेवलेली नाही.

'बी-१२ पालेभाजीतून मिळतं.' नाही मिळत. ते फक्त सूक्ष्मजीव तयार करतात आणि आपल्यापर्यंत दूध, दही, अंडी, मांस-मासे यांतून येतं. स्पिरुलिना नावाच्या शेवाळात दाखवतात ते बहुतांशी आपल्या शरीराला न चालणारं, नुसतं सारखं दिसणारं रूप. हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड भरपूर मिळालं तर रक्ताचे आकडे सुधारलेले दिसतात, आणि आत मज्जातंतूंची हानी चालूच राहते. पायाला मुंग्या येतात, तोल जातो. शाकाहारी घरात, त्यातून दूध-दहीही बेताचंच असेल तर, बी-१२ तपासून घ्यावं.

आणखी एक. रक्त कमी म्हणजे दर वेळी लोहच कमी असं नसतं. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आई-वडिलांकडून आलेला हिमोग्लोबिनचा सौम्य दोष, असला तरी हिमोग्लोबिन कमी दिसतं. सिंधी, पंजाबी, गुजराती कुटुंबांत तो जास्त आढळतो, पण इतरांतही असतो. तिथे कारण कळल्याशिवाय ना गोळ्यांचा मारा बरा, ना बिटाचा.

आमच्या सुनेच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. मामेबहीण आता तिला दुपारच्या जेवणात लिंबाची फोड आणि मोडाची उसळ देते, चहा चारला. बीटही असतं, कोशिंबिरीत.