सामाजिक शास्त्रं ‘शास्त्रं’ नव्हेत म्हणे!

दहावीचा निकाल लागला की सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. म्हणणं थोडक्यात असं: समाजशास्त्र, अर्थशास्त्र वगैरे शास्त्रं नव्हेतच, तिथं प्रयोग नाहीत, भाकितं चुकतात, आकडे सोयीचे काढतात आणि तज्ज्ञांचं आपसांत पटत नाही. तेव्हा पोराला आर्ट्सला घालू नका. पोराचं घरचे बघतील; आपण मुद्दे बघू.

प्रयोगाचा मुद्दा लगेच निकालात निघतो. खगोलशास्त्रज्ञ तारे प्रयोगशाळेत आणत नाहीत, तरी त्यांना कुणी थोतांडी म्हणत नाही. शिवाय इथं प्रयोग होतातही. बॅनर्जी, डुफ्लो आणि क्रेमर यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल गरिबीवरच्या प्रत्यक्ष प्रयोगांसाठीच मिळालं.

भाकितांचा मुद्दा मात्र वजनदार. एक धूमकेतू १७५८ च्या सुमारास परत येईल, असं खगोलशास्त्रज्ञ हॅलेने सांगून ठेवलं होतं. धूमकेतूच्या कानावर ते गेलं नाही, तो आला. माणसाच्या कानावर जातं. ‘अमुक पतसंस्था बुडणार’ अशी आवई उठू द्या. संस्था ठणठणीत असली तरी दुपारपर्यंत ठेवीदारांची रांग लागते, कर्जाऊ दिलेला पैसा एका दिवसात गोळा होत नाही, आणि ती खरंच बुडते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनने १९४८ मध्ये बँकेचं उदाहरण घेऊन हेच दाखवलं. उलटंही घडतं: वेळीच सावध केल्याने संकट टळलं, तर सावध करणाराच खोटा पडतो. ज्यांच्याबद्दल बोलायचं तेच ऐकत बसलेत, हे धरून या शास्त्रांना चालावं लागतं.

आकडे सोयीचे? सोलापूरकरांनी तरी हे जपून बोलावं. पूर्व भागात दारात बसलेली बाई बघा. मांडीवर सूप, त्यात मापाने कापलेलं तेंदूपान. चिमूटभर तंबाखू, एक वळसा, वर दोऱ्याची गाठ. मजुरी हजार विड्यांमागे. ‘काम काय करता?’ विचारलं तर ती सहज म्हणेल, ‘काही नाही, घरीच असते.’ तेवढंच लिहून घेतलं की शहरातली एक कामगार गायब! जनगणनेत वर्षातले सहा महिने काम केलं तर मुख्य कामगार, त्याहून कमी तर सीमांतिक. ही रेघ निसर्गाने ओढलेली नाही, हे खरंच. पण ती कुठं ओढली ते छापलेलं असतं, म्हणून तर तिच्याशी भांडता येतं. रेघ माणसानेच ओढायची, तर निकाल निःपक्ष कसा? समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने १९०४ मध्ये हा घोळ सोडवायचा प्रयत्न केला: प्रश्न निवडताना आपली मूल्यं शिरणारच, उत्तर मात्र ती मूल्यं न मानणाऱ्यालाही तपासून पटलं पाहिजे.

राहिली तज्ज्ञांची भांडणं. इथं मेसेजवाल्यांना माझ्याकडून एक मुद्दा फुकट. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत ठोस निकाल आला. लाजिरवाणंच. फक्त ही झाडाझडती मानसशास्त्रज्ञांनीच घेतली आणि आकड्यासकट छापली. गृहीतक आधी जाहीर नोंदवायचं आणि मगच माहिती गोळा करायची, ही पद्धत त्यांच्यात वाढली ती याच वादातून.