मेजरवर रेंज फिल्टर हवाय? मग कॅल्क्युलेटेड कॉलमची ती टिप सोडा

पॉवर बीआय (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट बनवायचं टूल) शिकणाऱ्यांमध्ये एक टिप फार फिरते. मेजर (युजरच्या निवडीप्रमाणे दर वेळी नव्याने मोजलं जाणारं सूत्र) स्लायसरमध्ये (रिपोर्टवर युजरला दिसणारा फिल्टर) टाकता येत नाही ना, मग डीलर टेबलमध्ये एकूण विक्रीचा कॅल्क्युलेटेड कॉलम (सूत्राने भरलेला कॉलम) करा, त्यावर 'बिटवीन' (इथपासून इथपर्यंत) स्लायसर लावा, आकडे तेच येतात आणि रिपोर्टही फास्ट पळतो. मेजर स्लायसरला चालत नाही हे खरं. बाकीचं बघू.

"आकडे तेच येतात." नाही येत! हा कॉलम डेटा रिफ्रेश होताना मोजला जातो, नंतर युजरने तारीख बदलली काय, जिल्हा बदलला काय, तो हलत नाही. समजा एका डीलरची ३ वर्षांची विक्री ९ लाख आणि या तिमाहीची ६०,०००. मॅनेजरने ही तिमाही निवडली, रेंज ५०,००० ते १ लाख ठेवली, म्हणजे हा डीलर दिसायलाच हवा, पण कॉलममध्ये त्याच्यापुढे ९ लाख आहेत म्हणून तो उडतो. एरर वगैरे काही येत नाही, यादी गुपचूप चुकते आणि त्या यादीवरून कोणाचा तरी इन्सेंटिव्ह ठरतो, याचा मला खरंच राग येतो.

"मग बिलाच्या रकमेवरच फिल्टर लावा." हे तर आणखी वाईट. ६,००० ची १० बिलं असलेला डीलर ६०,००० चा आहे, पण त्याचं एकही बिल त्या रेंजमध्ये बसत नाही. एसक्यूएलवाल्यांना (डेटाबेसची भाषा वापरणाऱ्यांना) हा व्हेअर आणि हॅविंगमधला फरक लगेच कळेल, आधी गाळून बेरीज करणं वेगळं आणि बेरीज करून गाळणं वेगळं.

फास्ट म्हणाल तर हो, आधीच मोजलेलं असतं म्हणून फास्ट. पण उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं.

मी असं करते: जनरेटसिरीज या फंक्शनने ठराविक अंतराच्या (स्टेपच्या) आकड्यांचं एक सुटं टेबल, कशालाच रिलेशनशिप नाही, त्यावर बिटवीन स्लायसर. मेजर त्या टेबलचा मिन आणि मॅक्स वाचतं, डीलरची त्या वेळची बेरीज मध्ये बसली तर १ नाहीतर ०, आणि हे मेजर व्हिज्युअलच्या (रिपोर्टमधला तक्ता किंवा चार्ट) फिल्टरमध्ये टाकून १ निवडायचं. स्टेपकडे मात्र नीट बघा, ५,००० ची स्टेप असेल आणि युजरने खालची मर्यादा १२,५०० टाईप केली तर मिन येतो १५,०००, म्हणजे १३,००० वाला डीलर गायब.

काहीजण १/० न करता विक्रीच्या मेजरमध्येच इफ लावून रेंजबाहेर ब्लँक देतात. ओळी बरोबर येतात, पण टोटलच्या ओळीत सगळ्या डीलर्सची मिळून बेरीज रेंजशी ताडली जाते, ती ४० लाख असेल तर ५०,००० ते १ लाखात कुठून बसणार, टोटल रिकामी. तिथे व्हॅल्यूजवर (डीलरची यादी देणारं फंक्शन) समएक्स (ओळीओळीने मोजून बेरीज करणारं फंक्शन) फिरवून एकेक डीलर तपासायचा आणि मग बेरीज करायची.