छातीतली गाठ आणि सव्वाचार मिनिटांचा ऑडिओ

सव्वाचार मिनिटांचा एक ऑडिओ फिरतोय. बोलणारा नाव सांगत नाही, ‘तीस वर्षं कॅन्सर बघतोय’ एवढंच म्हणतो. मुद्दे चार. छातीत मणक्याजवळ नसेची (म्हणजे मज्जातंतूची) गाठ दिसली की तो कॅन्सरच. तपासणीचा तुकडा घ्यायला तिला सुई लावली की ती पसरते. ऑपरेशन केलं तर माणूस कमरेखाली लुळा पडतो. त्यापेक्षा शरीर ‘अल्कलाइन’ करा, 90 दिवसांत गाठ विरघळते.

चौघांनी पाठवला तेव्हा मी गप्प बसले. मग तो आत्यापर्यंत पोहोचला. तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनआधी नेहमीच्या तपासण्यांत छातीचा एक्स-रे काढला, त्यात मणक्याला चिकटून गोल सावली आली. सीटीत ती 4 सेंटिमीटर भरली. खोकला नाही, दुखणं नाही, काही नाही. आणि ऑडिओ ऐकून बाईंनी एमआरआयची तारीखच रद्द केली. ‘अगं, किती शांतपणे सांगतो तो माणूस,’ म्हणे.

मी डॉक्टर नाही. पेशंटला एमआरआयच्या टेबलावर झोपवणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे आधी लुळेपणाचंच घेते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तो मुद्दा करतोय.

छातीच्या भागात मणक्यांच्या कण्यातून प्रत्येक नस एका छोट्या भोकातून बाहेर पडते आणि बरगडीखालून पुढे जाते. नसेवरची गाठ बहुतेकदा त्या भोकाच्या बाहेर, छातीच्या पोकळीत वाढते. पण शंभरातल्या साधारण दहा जणांत ती भोकातून आतही शिरते. आत एक गोळा, बाहेर एक गोळा, मधे भोकात आवळलेली कंबर. म्हणून तिला डंबेल गाठ म्हणतात. एमआरआयच्या आडव्या कापात हे लख्ख दिसतं: मज्जारज्जूभोवतीचं पाणी पांढरं, मधे करडा रज्जू, आणि एका बाजूने गाठ त्याला ढकलत आलेली. असं असूनही पायात मुंगीसुद्धा न आलेले पेशंट असतात.

आता हे माहीत नसताना सर्जनने छातीच्या बाजूने गाठ ओढली तर? कण्याच्या आत रक्तस्राव होऊ शकतो, रज्जू दाबला जाऊ शकतो, आणि हो, पाय जाऊ शकतात. म्हणजे ऑडिओवाल्याने भीती हवेतून काढलेली नाही, हे नाइलाजाने मान्य. पण म्हणूनच तर आधी एमआरआय करतात! गाठ आत शिरलेली दिसली की न्यूरोसर्जन सोबत असतो. कण्यातला भाग आधी मोकळा करतात, मग छातीतला काढतात, पुष्कळदा एकाच भुलीत. आत शिरलेली नसेल आणि फार मोठी नसेल तर बरगड्यांमधून दुर्बिणीनेच काम होतं. ज्या तपासणीने लुळेपणा टळतो तीच लुळेपणाच्या भीतीने रद्द करायला लावायची, याला काय म्हणायचं?

खरे धोके सांगायचेच असतील तर हे सांगा. बरगडीलगत बधिर पट्टा राहू शकतो. गाठ छातीच्या अगदी वरच्या टोकाला असेल तर त्या बाजूची पापणी उतरू शकते, बाहुली बारीक होऊ शकते, अर्ध्या चेहऱ्याचा घाम थांबू शकतो. याला हॉर्नर सिंड्रोम म्हणतात. काही वेळा तो गाठीमुळे ऑपरेशनच्या आधीच झालेला असतो. त्रासाचं आहे, पण ते लुळं पडणं नव्हे.

सुईचं. सुईच्या वाटेने पेशी सांडणं काही कॅन्सरमध्ये क्वचित घडतं, खोटं नाही. पण त्यावरून ‘सुई म्हणजे मरण’? ‘गट’ (Gut) या वैद्यकीय नियतकालिकात 2015 साली मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांचा अभ्यास आला. स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेले 2,034 पेशंट. आधी सुई लावलेल्यांचं आयुष्य कमी भरलं नाही. स्वादुपिंडाचा कॅन्सर या नसेच्या गाठींपेक्षा कितीतरी आक्रमक, म्हणूनच हे उदाहरण देते. गंमत अशी की नसेच्या गाठीला पुष्कळदा सुई लावतच नाहीत. चित्रं पुरेशी बोलकी असतात, आणि गाठ पूर्ण काढल्यावर पॅथॉलॉजीत तपासली जातेच. पॅरागँग्लिओमा या वेगळ्या, दुर्मिळ गाठीचा संशय असेल तर मात्र सुईच्या आधी रक्ताची किंवा लघवीची तपासणी लागते. ती गाठ अ‍ॅड्रेनलिनसारखी द्रव्यं सोडते आणि डिवचली की रक्तदाब भडकतो. सुईचा खरा धोका हा. ऑडिओत याचा उल्लेखही नाही.

‘कॅन्सरच’ हेही तसंच. मोठ्या माणसांत या जागेच्या नसेच्या गाठी 10 पैकी 9 वेळा साध्या निघतात. सगळ्यात जास्त आढळणारी श्वानोमा नसेच्या आवरणातून उगवते आणि स्वतःच्या वेष्टनात असते. लहान मुलांचं वेगळं. तिथे न्यूरोब्लास्टोमा हा मुलांमधला नसेचा कॅन्सर असू शकतो आणि दिवस दवडायचे नसतात. न्यूरोफायब्रोमॅटोसिस (नसांवर गाठी येत राहण्याचा जनुकीय आजार) असलेल्यांची जुनी गाठ अचानक दुखू-वाढू लागली तरीही तेच. ऑडिओसोबत पेट स्कॅनचा एक पेटलेला फोटो फिरतोय, त्याला घाबरू नका. पेटमध्ये साखर खाणारं सगळंच चमकतं, साधी श्वानोमासुद्धा.

राहिलं अल्कलाइन. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, 7.35 ते 7.45 मध्ये ठेवायला फुफ्फुसं आणि मूत्रपिंडं अहोरात्र राबतात, तुमच्या पाण्याच्या बाटलीला विचारत नाहीत. ‘या शोधाला नोबेल मिळालंय’ ही थाप. यात ज्याचं नाव घेतात त्या जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्गला 1931 साली नोबेल मिळालं ते पेशींच्या श्वसनातल्या विकरासाठी (एन्झाइमसाठी). आणि 90 दिवसांचा आकडा हुशारीने निवडलाय. श्वानोमा इतकी सावकाश वाढते की तीन महिन्यांनी पुन्हा सीटी केला तर ती जवळपास तेवढीच दिसणार. मग म्हणायचं, बघा, वाढ थांबली!

आत्याला हे सगळं फोनवर पाऊण तास सांगितलं. ती म्हणाली, ‘मग सुई लावणार नाहीत ना?’ मी म्हटलं, ते सर्जन सांगतील, आधी फोटो तर काढू दे. नवी तारीख गुरुवारची मिळालीय. माझीच पाळी आहे.