शिडी कुणाकडे आहे?

आमच्या कॉलनीच्या विकास मंडळाची मालमत्ता सांगतो. प्लास्टिकच्या चाळीस खुर्च्या, त्यातल्या सहा तीन पायांच्या. दोन सतरंज्या. 'हॅलो, हॅलो' म्हणेपर्यंतच चालणारा एक माइक. आणि ॲल्युमिनियमची एक घडीची शिडी. खुर्च्यांना पाय कमी असले तरी त्या जागेवर असतात. शिडीचे चारही पाय शाबूत आहेत, म्हणूनच ती कुठं असेल ते सांगता येत नाही.

गेल्या गुढीपाडव्याला मी या मंडळाचा सचिव झालो. झालो म्हणजे काय, चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस सभेत मागच्या खुर्चीत गप्प बसला होता, तेवढ्यात अण्णांची नजर गेली. "सर, तुमचं अक्षर चांगलं हाय. आजचं इतिवृत्त तेवढं लिहा की." मी वही ओढली आणि लिहीत गेलो. ठराव क्रमांक चारपर्यंत आल्यावर लक्षात आलं की मी माझीच नेमणूक लिहिलीय, आणि तीही एकमताने, ऱ्हस्व-दीर्घाच्या एकाही चुकीशिवाय.

अण्णा आमचे अध्यक्ष. उभं आयुष्य गिरणीत गेलं. घरात तेलुगू बोलतात, सभेत मराठी, आणि आवाज चढला की कन्नड. सोलापुरात याचं कुणाला नवल वाटत नाही. नवल इतकंच की तिन्ही भाषांत मिळून त्यांना माणसं जमवता येत नाहीत.

मंडळ रीतसर नोंदवलेलं आहे, १८६० च्या कायद्याखाली. त्या कायद्यात संस्था काढायला किमान सात माणसं लागतात. साहेब मोठा हुशार. आठवा माणूस मिळणार नाही हे त्याला तेव्हाच कळलं होतं.

आमचे सभासद बहात्तर. पहिल्या रविवारी गटारीच्या कडेचं गवत काढायचं ठरलं. व्हॉट्सॲपवर निरोप टाकला, "सकाळी सात वाजता, खुरपं घेऊन येणे." दहा मिनिटांत एक्केचाळीस अंगठे आले. एकलव्यानं एकच अंगठा दिला तर त्याचं नाव अजून निघतं. आमच्या कॉलनीनं एक्केचाळीस दिले आणि निवांत झोपली. सकाळी सातला जाग्यावर तिघं: मी, अण्णा आणि दूधवाला. दूधवाला दूध घालायला आला होता. तरी बिचाऱ्यानं किटली खाली ठेवून दहा मिनिटं गवत उपटलं. इतिवृत्तात मी "उपस्थिती : तीन" असं लिहिलं आणि पुढं कंसात काही लिहिलं नाही.

यावर खजिनदार एकदा बोलून गेले ते मला फार पटलं. म्हणाले, "सर, मंडळ म्हणजे उजनी हाय." उजनी धरणात एकूण साधारण ११७ टीएमसी पाणी मावतं, पण त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठ्यातच जातं. म्हणजे धरण अर्ध्याहून जास्त भरलं तरी उपयुक्त साठ्याचा आकडा शून्याच्या पुढं सरकत नाही. "आपले बहात्तर हायत," खजिनदार म्हणाले, "पण उपयुक्त साठा आपण तिघंच."

उजनीचं नाव निघालंच आहे तर पाण्याचंच सांगतो, कारण सचिवाचं वर्ष पाण्यात जातं. शंभरेक किलोमीटरवरून पाईपलाईननं येणारं पाणी आमच्या दारात चार-पाच दिवसांआड उतरतं, आणि उन्हाळ्यात उजनी 'मायनसमध्ये' गेली की गाव पेपर उघडून आधी तो आकडा बघतं. उणे संख्या ही कल्पना मुलांना कशी समजवायची म्हणून शाळेतले आमचे गणिताचे सर घाम गाळायचे. सोलापूरच्या पोराला ती एप्रिलमध्ये आपोआप समजते.

पाणी येण्याचा दिवस ठरलेला असतो. वेळ ठरलेली नसते, म्हणजे असते, पण ती फक्त चावीवाल्याच्या मनात. मंडळानं ठराव केला की पाणी सुटल्याबरोबर सगळ्या गल्ल्यांना उठवण्यासाठी स्वयंसेवकांची पाळी लावायची. कागदावर पाळी छान दिसत होती. तांबड्या शाईनं रेघा मारल्या होत्या मी. पहिल्या रात्री ज्याची पाळी, त्याच्या सासुरवाडीला जागरण-गोंधळ. दुसऱ्याचा मोबाईल चार्जिंगला. तिसरा मात्र प्रामाणिक निघाला. म्हणाला, "सर, मी उठलालो की, पण मला उठवणार कोण?" हा प्रश्न खरा होता. त्याला उठवायला मी उठू लागलो, आणि मी उठतोच आहे म्हटल्यावर तो झोपू लागला.

नळाला पाणी यायच्या आधी हवा येते. आधी लांबून कुणी घोरतंय असा आवाज, मग 'फस्स', मग एक गुळणी गढूळ पाणी, परत हवा. ही हवा ओळखायला जाणता कान लागतो. माझा कान तेव्हा नवखा होता. मे महिन्यातल्या एका रात्री अडीच वाजता मी 'फस्स' ऐकलं आणि शिट्टी फुंकली. पी.टी.च्या सरांची शिट्टी होती ती, निरोप समारंभात त्यांनीच दिलेली. पाच मिनिटांत चार गल्ल्या दारात. घागरी, कळशा, बादल्या, पिंपं, टिल्लू मोटारी. एक काका अंथरुणातली चादर तशीच खांद्यावर घेऊन आलेले. सगळे नळाकडं बघत उभे. नळानं आणखी एकदा 'फस्स' केलं आणि गप्प झाला. तासभर वाट बघून लोक घरी गेले. पाणी आलं पहाटे पाचला, आणि तेव्हा कुणी उठलं नाही, कारण शिट्टीवरचा विश्वास उडाला होता. मी चौतीस वर्षं मुलांना 'लांडगा आला रे आला' शिकवत आलो. साठाव्या वर्षी प्रात्यक्षिक करून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी तीन तक्रारी आल्या. एक, उगीच उठवलं. दोन, उठवलं नाही. तीन, वरच्या गल्लीला मुद्दाम आधी उठवलं. मी तिन्ही वहीत लिहून घेतल्या. बायको म्हणाली, "शाळेत निदान पगार तरी होता."

आता शिडी. पंख्याची पाती पुसायला, बल्ब बदलायला, पत्र्यावर पडलेला चेंडू काढायला आणि गच्चीवर कुरडया घालायला जिना नसलेल्यांसाठी ती घेतलेली. मी आल्या आल्या शिडीची वेगळी वही घातली. नेणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ, परत केल्याची तारीख, सही. वर्षभरात त्या वहीत एकूण पाच नोंदी झाल्या, त्यातल्या चार माझ्याच. बाकीची शिडी अंगठ्यावर चालायची. "सर, शिडी नेतो", वर अंगठा, आणि ती या घरातून त्या घरात जायची, जशी पूर्वी विरजणाची वाटी जायची. ग्रुपवर आठवड्याला एकदा माझा निरोप ठरलेला: "शिडी कुणाकडे आहे?" उत्तर म्हणून लोक गुड मॉर्निंगची फुलं पाठवायचे.

जुलैत वृक्षारोपण झालं. सगळीकडं जुलैत होतं म्हणून आम्हीही जुलैत केलं. आता आमच्याकडं वर्षाचा पाऊस जेमतेम साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला खरा पाऊस पडतो सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर. पण फ्लेक्स जुलैचा छापून आला होता. कडुलिंब आणि करंज मिळून पंचवीस रोपं. पाहुणे दीड तास उशिरा आले, तोवर ऊन असं पडलं की रोपांवर छत्र्या धरायची वेळ आली. मग एका रोपाला अकरा हात लागले आणि फोटो निघाला. उरलेली चोवीस रोपं मी आणि अण्णांनी लावली. त्यांचा फोटो नाही. प्रत्येक घरानं एक रोप दत्तक घ्यावं असं ठरलं. पंचवीस अंगठे लगेच आले. ऑगस्ट कोरडा गेला. शेळ्यांनी आपापली रोपं दत्तक घेतली.

सप्टेंबरात मोजली तेव्हा सात जिवंत होती. सगळ्यात टणटणीत कडुलिंब कोपऱ्यावरच्या अक्कांच्या दारात. या अक्कांनी लावायच्या दिवशी माझ्याशी भांडण काढलं होतं. "पानं पडतील, कावळे बसतील, झाडणार कोण?" मी त्यांच्या हातापाया पडून तो खड्डा घेतला होता. आता बघतो तर रोप कमरेएवढं. विचारलं तर म्हणाल्या, "मी कशाला घालू पाणी? भांडी विसळलेलं टाकते रोज, कुठंतरी टाकायचंच की." मी वहीत 'पाणी : अक्का' असं लिहिलं. त्यांनी ते खोडायला लावलं.

गणपतीचं फार सांगत नाही, ज्यांनी वर्गणी मागितलीय त्यांना माहीत आहे. एकाच गोष्टीचा हिशेब अजून जुळलेला नाही. एका घरानं वर्गणीऐवजी अर्धा किलो शेंगाची चटणी दिली. खजिनदार दोन दिवस विचार करत बसले की ही जमेला कशी धरायची. वस्तुरूपानं धरली तर शिल्लक दाखवावी लागणार, आणि शिल्लक तर पहिल्याच आरतीनंतर कडक भाकरीबरोबर संपली होती. शेवटी 'किरकोळ' या खात्यात गेली. मंडळांच्या हिशेबात 'किरकोळ' हे खातं कशासाठी असतं ते मला त्या दिवशी कळलं.

हो, आणि एक स्वागत कमान झाली. पोरांनीच बांधली, मंडळाच्या शेडच्या तोंडाशी. दोन खांब, त्यांना भगवं कापड गुंडाळलेलं, वर आडवं फ्लेक्स. एक खांब सडपातळ आणि दुसरा चांगलाच दांडगा. अण्णांनी विचारलं, "हे काय बे?" पोरं म्हणाली, "डिझाइन हाय अण्णा." विसर्जनानंतर कमान काढायची राहिली. मग दिवाळीला असू दे म्हणून राहिली. मग फ्लेक्सवरचा मजकूर चुन्यानं झाकला आणि ती मंडळाचीच झाली.

याच सुमारास शिडी अदृश्य झाली. आधी ती फिरायची. आता ती नव्हतीच. मी घरोघर गेलो. तपास लागत लागत एका अशा माणसापर्यंत पोचला जो मार्चमध्येच पुण्याला राहायला गेला होता. ग्रुपवर तर एकानं विचारलं, "सरांनी शिडी विकली तर नाही ना?" खाली हसरे चेहरे होते, पण मोजून अकरा.

जानेवारीत आमच्या ग्रामदैवताची, सिद्धरामेश्वराची, गड्ड्याची यात्रा आली. तेव्हाचं मात्र सांगितलं पाहिजे, नाहीतर माझ्या कॉलनीवर अन्याय होईल. आमच्या मधल्या गल्लीतला एक पोरगा नंदीध्वज धरतो. दिवाळी झाली की सराव सुरू. कमरेला पट्टा, आणि त्यावर ती उंच काठी तोलत मैलोन्‌मैल चालायचं. १३ तारखेला अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, १४ ला अक्षता, पांढऱ्या बाराबंदीतला तो लोंढा बघितला की माझ्यासारख्या माणसाचाही घसा दाटतो. आम्ही मिरवणुकीच्या वाटेवर पाणी वाटायला उभं राहायचं ठरवलं. मी ग्रुपवर निरोप टाकला, आणि सवयीनं तीन माणसांचा चहा सांगितला. आले चोपन्न. मृतसाठ्यातून आले. पहाटे सांगितल्या वेळेच्या आधी आले, जार उचलले, पेले धुतले, रस्त्यावरचा कचरासुद्धा गोळा केला. पुण्याला गेलेला तोही आला होता.

नंतर मी त्या पोराला म्हटलं, "एवढी काठी पेलतोस, परवा चार खुर्च्या उचलायला बोलावलं तर कंबर धरली म्हणालास."

"सर, काठीला सिद्धरामेश्वर हात लावतो," तो म्हणाला. "खुर्चीला कोण लावणार?"

पस्तीस वर्षांत, म्हणजे चौतीस आणि हे एक धरून, मला विद्यार्थ्यानं इतकं निरुत्तर केलं नव्हतं.

यंदाच्या पाडव्याच्या आदल्या रविवारी वार्षिक सभा झाली. संध्याकाळी सात, शेडमध्ये. गणपूर्ती नव्हती, म्हणून नियमाप्रमाणे अर्धा तास थांबून त्याच सहा माणसांत सभा घेतली. मी अहवाल वाचला. राजीनामा खिशात होता, चांगल्या अक्षरात लिहिलेला. विषय क्रमांक तीन, मालमत्तेची पडताळणी. खुर्च्या अडतीस. सतरंज्या दोन. माइक हॅलो. शिडी... मी घसा साफ केला आणि तेवढ्यात शेडमधला बल्ब गेला.

अंधारात अण्णांचा आवाज आला, "आता शिडी लागणार." कुणी हसलं नाही. मी तर घामाघूम झालो.

"थांबा की," मागून एक पोरगं म्हणालं. मोबाईलचा उजेड पाडत तो कमानीकडं गेला आणि त्या दांडग्या खांबाचं भगवं कापड गरागरा सोडू लागला. आतून एक पायरी दिसली. मग दुसरी. सहा महिने मी रोज सकाळी त्या खांबाला हात टेकवून चपला काढत होतो. त्याच खांबाला टेकून उभं राहून मी ग्रुपवर विचारत होतो की शिडी कुणाकडे आहे.

"बे, तू सांगितलं का नाहीस?" मी ओरडलो.

"सर, तुम्ही ग्रुपवर 'कुणाकडे आहे' असं विचारत होता. कुणाकडेच नव्हती की. इथंच होती."

शिडी निघाली तशी कमान डावीकडं कलली आणि फ्लेक्स खाली आलं. बल्ब लागला. उजेडात बघतो तर अण्णांनी माझ्याच वहीत, वेड्यावाकड्या अक्षरात, ठराव क्रमांक चार लिहून टाकला होता: सचिव तेच.

राजीनामा काढावा म्हणून मी खिशात हात घातला, तर सूचक-अनुमोदकाच्या सह्यासुद्धा झालेल्या. इतक्यात मधल्या गल्लीतल्या त्या पोरानं शिडी खांद्यावर मारली. "सर, घरातली ट्यूब बदलायचीय. पाच मिनिटांत आणतो."

"वहीत सही कर आधी," मी शिडीची वही उघडून पेन पुढं केलं.

तो तोवर फाटकाबाहेर पोचला होता. मागं न बघताच त्यानं हात वर केला आणि अंगठा दाखवला.