पोरं गुकेशमुळे येतात, टिकतात कुणामुळे?

सकाळपासून एका ग्रुपवर मेसेज फिरतोय. गुकेश बुद्धिबळात जगज्जेता झाला, दिव्याने महिलांचा वर्ल्ड कप आणला, आता खेळाडूंची नोंदणी कशी धडाक्यात वाढतेय बघा, बुद्धिबळ संघटनेचं अभिनंदन! खाली टाळ्याच टाळ्या. डोकं फिरलं माझं. अभिनंदन कसलं? सिंगापूरला चीनच्या जगज्जेत्या डिंग लिरेनला हरवलं ते त्या अठरा वर्षांच्या पोराने. तुम्ही काय केलंत?

जुलै २०२५ मध्ये आपली नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बातुमीला कोनेरू हम्पीला हरवून एका झटक्यात ग्रँडमास्टर, म्हणजे बुद्धिबळातल्या सर्वोच्च किताबाची मानकरी झाली, त्याच आठवड्यात अमळनेरजवळच्या खेड्यातली एक मुलगी माझ्याकडे शिकायला आली. वडील कापूसवाले, कोरडवाहू. संघटनेकडे तिची नोंदणी केली, पैसे भरले. पोर इतकी गुणी की हत्तीची एंडिंग, म्हणजे डावाचा शेवट, एकदा दाखवली की पुन्हा सांगावी लागत नाही. आणि वर्षभरात आमच्या आजूबाजूला एकही रेटिंग स्पर्धा नाही, म्हणजे खेळाडूचे अधिकृत गुण जिच्यावर ठरतात ती. नाशिक, पुणे गाठायचं तर एन्ट्री फी, दोघांचं भाडं, लॉजचा खर्च. काल नोंदणीचे पैसे पुन्हा भरायचा विषय निघाला, तर तिचे वडील म्हणाले, "मास्तर, पुन्हा पैसा भरीसन काय उपेग से?" मला उत्तर सुचलं नाही.

हे आजचं नाही. १९७२ मध्ये अमेरिकेच्या बॉबी फिशरने आइसलँडच्या रेक्याविकला रशियन जगज्जेत्या स्पास्कीला हरवलं आणि अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेची सभासदसंख्या बघता बघता दुपटीच्या घरात गेली. मग फिशर खेळेनाच. १९७५ मध्ये आव्हानवीर कार्पोव्हसमोर न बसताच किताब गेला आणि सभासदही गळू लागले. ताऱ्यासाठी आलेली माणसं ताऱ्यामागे गेली.

चेन्नईचं उलटं आहे बघा. तिथे जुने बुद्धिबळपटू मॅन्युएल एरन यांनी ताल चेस क्लब उभा केला, तोही १९७२ मध्येच. विश्वनाथन आनंद त्या क्लबात घडला आणि १९८८ मध्ये देशाचा पहिला ग्रँडमास्टर झाला. म्हणजे आधी क्लब, मग आनंद. गुकेश आणि प्रज्ञानंद दोघेही त्याच शहरातून यावेत, याचं मला तरी नवल वाटत नाही.

हो, गुकेश-दिव्या नसते तर ही पोर माझ्या दारात आलीच नसती, मान्य. जिल्ह्यात फुकट राबणारी माणसं आहेत, तेही मान्य. राग त्यांच्यावर नाहीच. राग आहे नोंदणीचा आकडा मिरवणाऱ्यांवर. या वर्षी किती आले ते सांगता, मग गेल्या वर्षीचे किती परत आले तेही सांगा ना. त्यात माझी ही पोर कुठे बसते?

लिहिता लिहिता राग जरा उतरला. ती आजही आली होती, बाकी पोरं गेल्यावरही पट आवरू देईना. तिला काय माहीत फी भरायची की नाही ते.

तर अमळनेर, चोपडा, पारोळा, शिरपूर, भुसावळकडच्या मित्रांनो, रविवारी स्पर्धा भरवायला कुणाची शाळा, मंगल कार्यालय, पतपेढीचा हॉल रिकामा असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. पट आणि घड्याळं माझ्याकडे आहेत. आर्बिटर, म्हणजे पंच, मी आणतो, रेटिंगच्या परवानगीसाठी जिल्हा संघटनेच्या मागेही मीच लागतो. फक्त जागा द्या, आणि मुलींची एन्ट्री फी कुणी उचलत असेल तर तेही सांगा.