एनोलाची खरी हत्यारं

एनोला होम्सच्या गोष्टींवरच्या एका लेखात म्हटलंय की व्हिक्टोरियन काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये, चौदा वर्षांच्या मुलीने रहस्यं सोडवणं पटत नाही. एनोला ही प्रसिद्ध गुप्तहेर शेरलॉक होम्सची धाकटी बहीण. नॅन्सी स्प्रिंगर यांनी लिहिलेल्या तिच्या गोष्टी मी मुलीला मराठीत सांगत सांगत वाचून दाखवल्या, म्हणून लिहितेय.

त्या काळाने मुलींवर लादलेली बंधनंच एनोला हत्यारासारखी वापरते. विधवेचा काळा पोशाख घातला की चेहऱ्यावर जाळी येते आणि उगाच कोणी चौकशी करत नाही. घट्ट कॉर्सेटचा, म्हणजे कंबर आवळून धरणाऱ्या आतल्या कपड्याचा, तिला मनापासून तिटकारा, पण त्याच कपड्यांच्या आत ती पैसे आणि सामान लपवते. आईशी बोलणं चालतं ते वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींतून, सांकेतिक भाषेत. अशा गुप्त जाहिराती तेव्हाच्या लंडनमध्ये खरोखर छापून येत. आणि प्रत्येक फुलाला ठरावीक अर्थ देऊन निरोप धाडायची ती फुलांची भाषा! ती शेरलॉकला कुठून कळणार? एका पुस्तकात तर फ्लॉरेन्स नाइटिंगेलही भेटते.

इंग्रजीत ‘एनोला’ उलटं वाचलं की ‘एकटी’ असा अर्थ निघतो. ते कळल्यावर माझी लेक बराच वेळ गप्प होती. मग वही घेऊन स्वतःचं नाव उलटं लिहीत बसली.